मखमल सुकण्याआधी

१६ जुलै
पिंट्याच्या, आमच्या हरिण उद्यानातल्या तरुण चितळाच्या, शिंगाचा एक सुळका सकाळी गव्हाणीत सापडला, दुसरा दुपारी बोरीच्या बुंध्याशी. सुमनताईंनी दोन्ही पदरात गुंडाळून आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले. चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.
"डॉक्टरसाहेब, याले काही झालं का? डोक्यावर रक्त शे."
काहीही झालेले नाही. त्यांना बसवले आणि सविस्तर सांगितले. बैलाचे शिंग जन्मभराचे. बाहेरून नखासारखे निर्जीव, आणि वाढते ते मुळाकडून. चितळाच्या नराचे शिंग म्हणजे शुद्ध हाड. ते दरवर्षी गळते, दरवर्षी नवे येते आणि फांदीसारखे टोकाकडून वाढते. वाढत असेपर्यंत त्यावर मऊ लव असलेली जिवंत कातडी असते. तिला आम्ही मखमल म्हणतो. पुढे शिंग आत पक्के होते, मखमल सुकते, नर ती झाडावर घासून काढतो, आणि मग ते शिंग हत्यार होते.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "म्हणजे दुधाचा दात पडला," म्हणाल्या.
गळलेली शिंगे कचेरीत जमा करावी लागतात. एक सुळका त्यांनी बराच वेळ हातातून सोडला नाही.

१९ जुलै
पाऊस. मोठ्या वाड्यातला कळप झाडाखाली गोळा झालेला. पिंट्या लहान वाड्यात एकटा, जाळीला नाक लावून सुमनताईंची वाट पाहत.
दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याची आई वीत असताना गेली. सुमनताई तेव्हा झाडलोटीच्या कामावर नव्याने लागलेल्या. नवऱ्याला, रघुनाथला, सायली गावच्या सूत कारखान्यात काम मिळाले म्हणून धुळ्याकडून आलेल्या. त्यांनी शेळीच्या दुधाच्या बाटलीवर हे पाडस जगवले. ते जगेल असे मला वाटले नव्हते. कळप त्याने फक्त जाळीतून पाहिलेला आहे. माझ्याशी त्या अहिराणी वळणाची मराठी बोलतात, उद्यानाच्या साहेबांशी हिंदी, पिंट्याशी निव्वळ अहिराणी: "ये रे मना आंडोर." मना आंडोर म्हणजे माझा मुलगा.
आज मनातली काळजी त्यांना सांगितली. गेल्या हिवाळ्यात सुळके पक्के झाल्यावर त्याने त्यांच्या मांडीत ढुशी दिली होती. काळा-निळा डाग कितीतरी दिवस होता. त्या तेव्हा हसल्या होत्या.
बाटलीवर वाढलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही. माणूस आपल्यातलाच एक, असे तो धरून चालतो. माजाच्या दिवसांत एक नर दुसऱ्याशी जसा वागतो, तसा तो तिच्याशी वागेल. यात राग नाही, कृतघ्नपणा नाही. यंदा सुळके नसतील, फाटे असलेली पुरी शिंगे असतील.
"माले मारी तो? बाटलीनं पाजेल शे मी त्याले."
म्हणूनच, असे म्हणालो. त्यांना पटले नाही.

२ ऑगस्ट
शिंगे बोटभर. टोके गोल, फुगीर, करड्या लवेची. आज सुमनताईंच्या शेजारी उभे राहून हात लावला. त्याने लावू दिला. किती ऊब! तापलेल्या मुलाचे कपाळ असते तशी. इतक्या वर्षांत किती नर तपासले, पण प्रत्येक वेळी हे विसरतो आणि प्रत्येक वेळी चकित होतो.
आहार ठरवून दिला. खेरडी गावाहून येणारा लसूणघास पावसात भिजलेला असतो. तो तसाच दिला तर पोट फुगते. आधी छपराखाली पसरून कोमेजू द्यावा. सकाळी बोर आणि उंबराचा पाला, दुपारी भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा, चाटायला खनिजांची वीट कायम. शिंग उभे करायला लागणारा चुना नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही. नर आपल्याच फासळ्यांतून तो काढतो आणि डोक्यावर नेतो. या दिवसांत त्याची हाडे आतून पातळ झालेली असतात.
हे ऐकल्यावर सुमनताईंनी हरभऱ्याचे माप न विचारता वाढवले. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले.
रघुनाथ पाळी सुटल्यावर त्यांना न्यायला आला होता. "माझ्या डब्यात रोज मेथी, याच्या डब्यात हरभरा. पुढच्या जन्मी शिंगं मागून घेतो."
"शिंगं राहू द्या. आधी अक्कल मागा," सुमनताई.

९ ऑगस्ट
साहेब पाहणीला आले. पिंट्या सुमनताईंच्या मागे मागे फिरताना त्यांनी पाहिला. "डॉक्टरसाब, ये तो कुत्ते जैसा हो गया है. कल किसी को मार दिया तो?" मग सरळ सांगितले: दोनच मार्ग. एक तर याला कळपात सोडा, नाहीतर दरवर्षी शिंगे करवतीने कापा आणि जन्मभर वेगळा ठेवा. पक्क्या शिंगांसह माणसांजवळ राहू देणार नाही.
त्यांचे चूक नाही. शिंगे पक्की झाल्यावर कापली तर दुखत नाही. पण कळपात राहण्यासाठी घडलेले जनावर एकट्या वाड्यात दहा-बारा वर्षे...
कळपात सोडायचे तर मुदत ठरलेली आहे. मखमलीतले नर शिंगांनी भांडत नाहीत. शिंग इतके हळवे असते की ते त्याला जपतात. भांडण झालेच तर मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी गुद्दे मारतात. नव्याला आत शिरायची हीच वेळ. मखमल सुकली की दार बंद झाले असे समजावे. म्हणजे मुदत डिसेंबरपर्यंत.
त्याआधी त्याने माणसांचा, म्हणजे सुमनताईंचा, नाद सोडला पाहिजे. नाहीतर कळपातूनही तो जाळीशीच येऊन उभा राहील.
गणपतीहून आल्यावर सुरू करू, असे ठरवले.

२१ ऑगस्ट
उद्या पहाटे गावी. बायकोने, माधवीने, शाळेतून रजा टाकली आहे. गणपतीला कोकणात न जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असे ती साहेबांना ऐकवून आली.
शिंगांना पहिला फाटा फुटला! वीतभर दांडा, पुढे भुवईवर वळलेला कोवळा फाटा. सुमनताईंना टोकापर्यंत बोट फिरवून दाखवले: आतून रक्त वाहते, ही जिवंत कातडी आहे, ओरखडा नको, रंग नको, तेल नको. रंगाचे मुद्दाम सांगितले, कारण त्या पोळ्याचा विषय दोनदा काढत होत्या. घरी चार बैल होते, इथे एकही नाही. "पोळ्याले शिंगं कोरी ठेवणं बरं नई दिसत."
आजारी जनावरांसाठी फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवला.

३० ऑगस्ट, गावी
आरतीच्या वेळी पिंट्याची आठवण झाली. माधवी म्हणाली, "नैवेद्य खा आधी. इथेही शिंगांवर व्याख्यान नको."
तरी पुतण्यांना दिलेच.

४ सप्टेंबर
उतरलो आणि थेट उद्यानात.
पिंट्याच्या डाव्या शिंगाच्या बुडाशी लाल दोरा, त्याला गोंडा. दोऱ्याच्या वर मखमल सुजून दोऱ्यावर आलेली, दोरा जवळजवळ आत गेलेला. टोकाला हात लावला. गार.
सुमनताई आनंदाने सांगत होत्या की डावे जास्त जोमाने वाढते आहे, पाहा किती जाड झाले. माझा चेहरा पाहून थांबल्या.
त्यांनी त्याचे डोके कमरेशी धरले, मी वाकड्या कात्रीने दोरा कापला. तो हलला नाही. पोळ्याला त्यांनी दोन्ही शिंगांना बांधला होता. उजवीकडचा त्याने त्याच दिवशी जाळीला घासून तोडला. डावीकडचा राहिला.
"रंग नई लावला," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाले जिवंत कातडी शे. म्हणून रंग नई, तेल नई. नुसता मऊ दोरा. लहान बाळाच्या हाताले बांधता ना, तसा."
रक्त आतून वाहते, असे मी सांगितले होते. शिंगाला पोसणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आतल्या हाडात नसून कातडीतच, वरच्यावर असतात, हे आज सांगितले. बैलाच्या शिंगाला कितीही घट्ट बांधले तरी काही होत नाही. यांना आयुष्यभर तेवढेच शिंग माहीत.
त्या ऐकत होत्या की नाही, ठाऊक नाही. गोंडा मुठीत धरून उभ्या होत्या.

५ सप्टेंबर
टोक गारच. मधला भाग कोमट. वरचा भाग मेला तर कापावा लागेल. या दमट हवेत माशी बसेल, अळ्या पडतील, मग शिंगापुरते राहणार नाही.
दिवसातून तीनदा कोमट पाण्याचा शेक, जखमेवर मलम, भोवती कडुलिंबाचे तेल. हे सगळे करायला त्याला धरावे लागते, आणि तो फक्त सुमनताईंना धरू देतो. मोठ्या वाड्याची राखण करणाऱ्या लखमाभाऊंनी प्रयत्न केला. पिंट्याने जाळीवर उडी घेतली. गुंगीचे औषध रोज देता येत नाही.
ज्या हातांपासून त्याला तोडायचे, तेच हात दिवसातून तीनदा त्याच्या डोक्यावर. दुसरा मार्ग शोधला. नाही.

८ सप्टेंबर
सुमनताई शेकताना तळहात शिंगाभोवती मिटून धरतात आणि डोळे बंद करतात. आज डोळे न उघडताच म्हणाल्या, "आते जरासं वर आलं. कालच्या बोटभर वर."
मी पाहिले. ऊब खरोखर वर सरकली आहे. रक्ताने बाजूच्या लहान वाहिन्यांतून वाट काढली असावी. टोक अजून गार.

१३ सप्टेंबर
टोक कोमट. दोघांनीही दोनदा तपासले, मग लखमाभाऊंनाही बोलावले. ते म्हणाले, "डाक्तर, चाय पाजा आता." पाजला.

२८ सप्टेंबर
जखम भरली. डावे शिंग वाढते आहे, पण आतल्या बाजूला कललेले, उजव्याहून आखूड. कायमचे नाही, पुढच्या वर्षीचे बहुधा सरळ येईल. हे सांगितल्यावर सुमनताईंनी विचारले, "पुढच्या वर्षी तो कुठं राही?"
तो आता त्यांच्या पावलांचा आवाज फाटकापासून ओळखतो. महिनाभरात पूर्वीपेक्षा अधिक चिकटला आहे.

६ ऑक्टोबर
साहेबांचा निरोप: करवत आणि पशुवैद्यकाची तारीख ठरवून ठेवा, म्हणजे माझीच तारीख, मलाच. मी वेळ मागितला. "मखमल सूखने तक. उसके बाद नहीं."
आजपासून बदल. चारा लखमाभाऊ टाकतील, दोन वाड्यांमधल्या फाटकाजवळ, पलीकडचा कळप दिसेल अशा जागी. सुमनताईंनी लहान वाड्याकडे यायचे नाही. त्यांनी मान हलवली आणि मोठ्या वाड्याच्या पाणवठ्यावर झाडू घेऊन गेल्या.

१० ऑक्टोबर
पिंट्या जेमतेम खातो. दिवसभर ज्या बाजूने त्या येत त्या बाजूला उभा. अधूनमधून ओरडतो, तो बारीक, पाडसासारखा आवाज. लखमाभाऊ म्हणाले, "हा हरीण नाय. हा बोकड हाय." मग जरा वेळाने: "माझी पोर सासरी गेली तवा असाच कुत्रा बसायचा."
सुमनताई गोदामामागे उभ्या राहून ऐकतात. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले. पण हरणाचे नाक असे फसत नाही. वारा त्यांच्याकडून येतो.
नुसते दूर राहणे पुरणार नाही. तो वाट पाहतच राहील. काय करायला हवे ते मला माहीत आहे. त्यांना सांगवत नाही.

१२ ऑक्टोबर
सुमनताईच आल्या. टेबलाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "याले घाबरवावं लागी ना?"
मी हो म्हणालो. आवाज करून, काठी आपटून, लखमाभाऊ करतील.
"लखमाभाऊनं घाबरवलं तर पळत मनाकडंच यील. मीच घाबरवते."
हेच मी दोन दिवस गिळून बसलो होतो. तसे त्यांना सांगितले. "मग बोलले काबरं नई?" म्हणाल्या. "एरवी तर थांबत नई तुम्ही."

१३ ऑक्टोबर
रिकामा तेलाचा डबा आणि काठी. पावले ऐकून पिंट्या उड्या मारत जाळीशी आला. त्यांनी डबा बडवला. तो दचकून मागे उडाला, कान टवकारले, आणि परत आला. खेळ आहे असे समजला. शेपटी वर करून गोल धावला, पुन्हा जाळीशी.
त्यांनी पुन्हा बडवला. तो पुन्हा आला.
मी म्हणालो, आज एवढे पुरे.

१९ ऑक्टोबर
रोज सकाळी, रोज संध्याकाळी. दिवाळीची साफसफाई सोडून त्या येतात. आता तो अर्ध्या वाड्यापर्यंतच येतो आणि थांबतो. पुढचा पाय उचलून तसाच ठेवतो. पुढे यावे की पळावे हे न ठरलेल्या हरणाचा हा पाय. विद्यार्थ्यांना मी तो चित्र काढून शिकवत असे.

२४ ऑक्टोबर
आज पावले ऐकताच तो दूरच्या कोपऱ्यात पळाला. डबा वाजवावाच लागला नाही.
सुमनताईंनी डबा खाली ठेवला आणि पंपावर जाऊन तोंड धुतले. बराच वेळ धूत होत्या. रघुनाथ घ्यायला आला होता. तिची पिशवी घेतली आणि दोघे आमलीतल्या घराकडे चालत गेले, रिक्षा न करता.
प्रयोग यशस्वी, असे लिहायला हवे.

९ नोव्हेंबर
फाटक उघडले. पलीकडे लखमाभाऊंनी पाला टाकलेला; दोन तरुण नर, दोघेही मखमलीत, आणि काही माद्या. पिंट्या उंबरठ्यावर फार वेळ उभा. मग मान लांब करून वास घेतला, आणि गेला.
एका नराने त्याला हुसकले. पिंट्या मागच्या पायांवर उभा राहिला आणि खुरांनी गुद्दे लगावले! दोन वर्षांत दुसऱ्या नराला न शिवलेला प्राणी. हे त्याला कोणी दाखवले नव्हते. शिंगे दोघांनीही मागे जपून धरलेली. दोन-चार गुद्दे झाले आणि दोघेही शेजारी उभे राहून पाला खाऊ लागले. मी लखमाभाऊंना सगळे समजावून सांगितले. ते विडी ओढत "हां, हां" म्हणत राहिले.
सुमनताई मुद्दाम आल्या नव्हत्या. फोन केला. "गेला," म्हणालो.
पलीकडे भांड्यांचा आवाज. मग: "जेवला का?"

२ डिसेंबर
मखमल सुकली. शिंगांवरून चिंध्या लोंबतात, खाली हाड रक्ताने लालसर. बोरीवर, सागावर, खांबावर घासतो आहे. उजवे सरळ, डावे आत वळलेले, तरी टोकदार.
फाटक आता बंद. करवत कपाटात. साहेब म्हणाले, उन्हाळ्यात माज येईल तेव्हा पाहू. जाळीशी येऊन माणसावर धावला तर परत लहान वाडा आणि दरवर्षी कापणे. म्हणजे निकाल आज नाही.
माधवीला विचारले, तुला काय वाटते? "मला विचारतोस म्हणजे तुलाच माहीत नाही," म्हणाली.

१४ डिसेंबर
सुमनताईंनी कळप पाहायची परवानगी मागितली. डबा आणला नव्हता. जाळीपासून दहा पावलांवर उभे राहिलो, बोलायचे नाही, हात पुढे करायचा नाही असे ठरवून.
पिंट्या दोन नरांसोबत उन्हात होता. शिंगे कोरडी, चकचकीत. एकाशी हलकेच शिंगे अडकवून ढकलाढकली चालली होती.
"भांडी राह्यना? भांडण शे का?"
"नाही. अंदाज घेतोय."
मग त्याने डोके वर केले. आमच्याकडे पाहिले. कळप सोडून एकटा चालत आला, सावकाश, आणि जाळीशी येऊन डोके खाली घातले, शिंगे आमच्या बाजूला.
मांडीवर डोके घासायला तो असेच डोके खाली घालीत असे. धावून येण्याआधीही नर असेच घालतो. कान मागे आहेत का, डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसते का, हे पाहायला हवे होते. उन्हामुळे दिसले नाही.
"डॉक्टरसाहेब, काय म्हनी राह्यना तो?"
"मला कळत नाही," मी म्हणालो.
त्या त्याच्याकडे पाहत, पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे सरल्या. नाव घेतले नाही. वळणावर पोहोचल्यावर पदर तोंडाशी धरलेला दिसला.
तो तिथेच उभा राहिला. दुपारी गेलो तेव्हाही होता. संध्याकाळी कळप झाडीतून पाण्याकडे उतरला. पिंट्या त्यात आहे का म्हणून लखमाभाऊ आणि मी दोघांनी मोजायचा प्रयत्न केला, पण उजेड कमी होता, ठिपके आणि पाने एकच दिसत होती. जाळीजवळ मात्र कोणी नव्हते.